सूर्य परत येतो त्या दिवसाचं जहाज

स्कुग्गेविक, ९ सप्टेंबर

आस्लाउग,

माझं अक्षर पाहून तुला वाटेल की कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. सगळे आहेत तिथे आहेत आणि आहेत तसेच आहेत.

जहाजकंपनीचं पत्र तुलाही आलं असणार, कारण माझ्या पत्रात तुझंही नाव होतं. वर्षातून एकदा त्यांचं मोठं जहाज आपल्या फ्योर्डच्या खाडीत दिवसभर थांबवायचा त्यांचा विचार आहे. कोणत्या ऋतूत थांबावं आणि तुमच्या सूलनेसच्या धक्क्याला लागावं की आमच्या, याचं उत्तर दोन्ही गावांनी मिळून एकच द्यायचं. तुमच्या धक्का-समितीची प्रमुख तू, आमच्या समितीची मी. उत्तर एक आलं नाही तर जहाज शेजारच्या फ्योर्डमध्ये जाईल. म्हणून लिहिते आहे. दुसरं कारण नाही.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि मागून इंगुनच्या हसण्याचा आवाज येतो. इथे असताना ती एवढी हसत नव्हती. ते ऐकलं की माझं दिवसभर कशात लक्ष लागत नाही. कागदावर मला कोणी मधेच तोडत नाही.

माझं मत जुलै. जुलैत आमच्याकडे संध्याकाळी जेवणं होईपर्यंत ऊन असतं. बाकीच्या वर्षाबद्दल तुला काय सांगायचं? तुझा जन्म याच घरातला. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य आमच्या डोंगराआड जातो आणि फेब्रुवारीपर्यंत तोंड दाखवत नाही. तेवढे सगळे महिने आम्ही सावलीत बसून पलीकडच्या किनाऱ्यावरचं तुमचं ऊन बघतो. नाताळातसुद्धा दुपारी तुझ्या स्वयंपाकघराच्या काचा चमकतात. आपल्याकडे शेत थोरल्या अपत्याला मिळतं. मी थोरली म्हणून शेत मला मिळालं, आणि धाकटी म्हणून तुला ऊन मिळालं. लोक म्हणतात मी तुला पाण्यात पाहते. पाण्यापलीकडे पाहते, एवढंच खरं आहे. खिडकीच तशी आहे, मी काय करू?

आता स्पष्टच लिहिते. तुझा एईलर्ट गेला तेव्हा तुझ्या सोबतीला म्हणून मी माझ्या मुलीला पाठवलं. आठ दिवसांसाठी पाठवलं होतं. ती अजून तुझ्या सफरचंदांच्या बागेत आहे. मला हवी आहे ती परत. धक्क्यावरच्या जुन्या नौकाघरात कॅफे काढायचं ती शाळेत असल्यापासून बोलायची. गिऱ्हाईकच नाही म्हणून ते राहिलं. जहाज आमच्या धक्क्याला लागलं तर ती येईल. तुमच्या धक्क्याला लागलं तर ती कायमची तिकडची झाली. तू बाग तिच्या नावावर करणार आहेस, हे मला फेरीबोटीवरच्या माग्नारने सांगितलं. सांगताना त्याला फार मजा वाटत होती.

जुलै. आमचा धक्का. उत्तर माग्नारबरोबर पाठव.

ग्यूरिद


स्कुग्गेविक, २० सप्टेंबर

आस्लाउग,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. "मेअखेर. फुलं असतात, धबधबे भरलेले असतात. जुलैत काय आहे? इंगुन बरी आहे." ती बरी आहे हे तू मला कळवतेस. माझ्या मुलीची खुशाली मला टपालाने.

मेमध्ये तुमच्या बागा फुलतात, मान्य. पण तुमचे धबधबे म्हणजे कोणते? ते आमच्या डोंगरावरून पडतात. आमच्या शेताची माती धुऊन नेतात, आमच्या गोठ्याच्या भिंती ओल्या करतात, आणि दिसतात मात्र तुमच्या अंगणातून. एईलर्टने लग्नात तुला काय काय दिलं ते मी पाहिलं होतं, त्यात आमचे धबधबेही होते हे मला ठाऊक नव्हतं.

आणि सफरचंदं पाठवू नकोस. टोपली माग्नारने आणून दारात ठेवली. मी ती शेजारी देऊन टाकली. बहुतेक सगळी.

ग्यूरिद


स्कुग्गेविक, ५ ऑक्टोबर

आस्लाउग,

कंपनीची ती विबेकेबाई काल सकाळी तुझ्याकडे आणि दुपारी माझ्याकडे आली. आधी तुझ्याकडे का, असं मी विचारलं तर म्हणाली, "रस्ता तिकडूनच येतो." रस्ताही तिकडूनच येतो, घे.

मी वाफल्स केली होती, तपकिरी चीज होतं, अंगणात टेबल मांडून त्यावर आईचा टेबलक्लॉथ घातला होता. तो टेबलक्लॉथ माझ्याकडे आहे, तू शोधत असशील तर. तिला घेऊन इंगुन आली. अंगात नवा स्वेटर, तुझ्या विणकामाचा. खांद्यावरची नक्षी सूलनेसची. मी तिला जवळ घेतलं तर अंगाला सफरचंदांचा वास. मी विचारलं, "आपल्या घरचा स्वेटर कुठाय?" तर म्हणाली, "आहे की, कपाटात. आई, पाहुण्यांसमोर नको."

बाई जेमतेम दुसरं वाफल घेत होती आणि सूर्य डोंगराआड गेला. अंगणावरून सावली आली, टेबलावर चढली, तिच्या मांडीवर बसली. तिने कोट घातला.

"इतक्या लवकर जातं इथलं ऊन?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "आज ढग आहेत."

इंगुनने वर पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. "कुठायत ढग, आई?"

"डोंगरामागे," मी म्हटलं.

समोर तुमचं गाव सगळं उन्हात. लाल कोठारं, पिवळी झालेली झाडं, तुझं पांढरं घर मधोमध. बाई कॉफीचा कप हातात घेऊन तिकडेच बघत बसली. माझ्या टेबलाशी बसून, माझं वाफल खाऊन, बघायचं तुला. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण तुमचा डोंगर जवळूनही साजरा आहे, हीच तर माझी तक्रार आहे.

मग इंगुन मला घरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "आई, मावशीकडची फुलं सगळ्यात चांगली कुठून दिसतात? आपल्या धक्क्यावरून. तिच्या बागेत उभं राहिलं तर चार झाडं दिसतात. इथून अख्खा किनारा दिसतो पांढरा. तेवढं सांग ना तिला. मेमध्ये जहाज इथे लागेल."

"फ्योर्डमधली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे माझ्या बहिणीचं घर, असं मी तिला सांगू?"

"हो. खरंच आहे ते."

"मेले तरी सांगणार नाही."

"मग राहू दे," ती म्हणाली आणि कप विसळायला लागली. खरं सांगते, तेव्हा तिचा चेहरा हुबेहूब तुझ्यासारखा दिसत होता. ती तुझ्यासारखी दिसते हे मला कोणी पूर्वी सांगितलं असतं तर मी तिला पाठवलीच नसती.

तसाही उपयोग झाला नसता. निघताना बाई म्हणाली, "मे सगळेच सांगतात. फुलं सगळ्या फ्योर्डांमध्ये आहेत, धबधबेही. त्या महिन्यात आमची जहाजं रांग लावून उभी असतात. जुलैचं तर बोलूच नका. मला असा दिवस द्या, जो फक्त तुमच्याकडे असतो." पुढच्या आठवड्यात दोन्ही गावांनी एकत्र बसून तिला काय ते सांगायचं आहे.

फक्त आमच्याकडे असतो असा दिवस मला माहीत होता. तुलाही माहीत आहे. पण बाईला मी तो सांगितला नाही. तो दिवस परक्यांना दाखवायचा म्हणजे आधी सांगायला हवं, की बाकीचे दिवस आम्ही कसे काढतो.

ग्यूरिद


स्कुग्गेविक, १४ ऑक्टोबर

तू हे काय केलंस?

तुमच्या शाळेच्या व्यायामशाळेत, दोन्ही गावं बसलेली, ती बाई समोर वही घेऊन. मी शेवटच्या बाकावर. मी जुलै म्हणणार होते, तू मे म्हणणार होतीस, भांडण होणार होतं. मी तीन दिवस मुद्दे पाठ करत होते. आणि तू उभी राहून म्हणालीस, "जहाज फेब्रुवारीत आणा. स्कुग्गेविकच्या धक्क्याला. सूर्य परत येतो त्या दिवशी."

मग सगळं सांगितलंस. त्या दिवशी शाळा बंद असते. सगळं गाव लोकरीचे कपडे घालून बाहेर उभं राहून कॉफी पितं. ऊन आधी चर्चच्या टोकाला लागतं, मग आमच्या घराला. घरातली मुलगी खिडकीच्या चौकटीवर लोण्याचा गोळा लावते, आणि सूर्य तो चाटून खातो, कारण इतके महिने तो उपाशी असतो. लहानपणी लोणी कोणी लावायचं यावरून आपण मारामारी केली, तेही सांगितलंस. लोक हसले. तू म्हणालीस, "आमच्या सूलनेसला सूर्य कधी जातच नाही, म्हणून तो कधी परतही येत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी फेब्रुवारीत मी लोणी हातात घेऊन खिडकीशी उभी राहिले. नवरा म्हणाला, हे कशाला? ऊन तर कालही होतं."

टाळ्या झाल्या. बाईने वही मिटली. माग्नार माझ्याकडे वळून म्हणाला, "घे ग्यूरिद, मिळालं की जहाज तुला. आता तरी हस."

मी नाही हसले. तुझ्याकडे ऊन आहे, बाग आहे, रस्ता आहे, माझी मुलगी आहे. माझ्याकडे एक दिवस होता, जो तुझ्याकडे नव्हता. तोही तू चारचौघांसमोर ताटात घालून मला वाढलास, जणू तुझ्याच घरचा होता. मला हवं होतं ते मी भांडून घेतलं असतं. तू दिलेलं माझ्या घशाखाली उतरत नाही.

आणि यात तुझा काय डाव आहे, तेही मला कळत नाही. जहाज इकडे म्हणजे मुलगी इकडे, हे तुला माझ्या पत्रातून कळलं होतं ना?

ग्यूरिद


स्कुग्गेविक, १७ नोव्हेंबर

आस्लाउग,

कंपनीचं पक्कं झालं. फेब्रुवारी, आमचा धक्का.

इंगुन दहा दिवसांपासून घरी आहे. नौकाघर साफ करते आहे, माग्नार तिला फळ्या आणून देतो. हिवाळाभर इथेच राहणार आहे. पुढचं विचारलं तर म्हणते, "आधी जहाज येऊ दे." पण मी ओळखते तिला. ती राहील.

हे तुला कळवलंच पाहिजे असं नव्हतं. पण कळवल्याशिवाय मला झोप येईना, मजा अर्धीच वाटत होती. आता तुझ्या घरात माडीवरची खिडकी अंधारी असते. खालची एकच उजळते. मी मुद्दाम बघत नाही, भांडी घासताना दिसते. मला वाटलं होतं, ते पाहून मला फार बरं वाटेल. बरं वाटलंही, चारपाच दिवस.

इंगुन जेवताना म्हणाली, "मावशी रस्सा यापेक्षा पातळ करते." मी म्हटलं, "मग जा मावशीकडे." ती म्हणाली, "आई, मी फक्त रश्शाबद्दल बोलले." तुझ्या रश्शात काय असतं ते कळव. मेंढीचं मांस आणि कोबी मीही घालते. मिरे आधी घालतेस की नंतर?

ग्यूरिद


स्कुग्गेविक, १५ जानेवारी

आस्लाउग,

मिरे आधी. कळलं. फरक काही पडला नाही.

कंपनीने लिहिलंय की जहाज येईल त्या दिवशी धक्क्यावर पाहुण्यांना चार शब्द इंग्रजीत सांगायला कोणीतरी हवं, आणि त्यांनी तुझं नाव सुचवलंय. तू शाळेत इंग्रजी शिकवायचीस, तू सभेत किती सुंदर बोललीस, वगैरे. पत्र इंगुनने वाचून दाखवलं आणि म्हणाली, "छानच की. मावशीसारखं कोणाला जमणार?"

मी नाही म्हणून कळवलं आहे. रागावायचं असेल तर रागाव. माझा धक्का, माझा दिवस, आणि त्यावर उभी राहून बोलणार तू? लोकांनी पुन्हा तुझ्याचकडे बघायचं? माझ्या धक्क्यावर माझी मुलगी बोलेल.

इंगुनला हे सांगितलं तेव्हा ती घाबरली. "आई, मला नाही येत चारचौघांत बोलता. मी कप भरेन, वाफल्स करेन. मावशीलाच बोलू दे."

"मावशी, मावशी! या घरात दुसरं नाव नाही का?"

"बरं," ती म्हणाली. "बोलेन मी. पण मग मला जे वाटेल तेच बोलेन."

तेव्हापासून ती तयारी करते आहे. गोठ्यात गाईंसमोर बोलून बघते. गाई ऐकतात. मीही ऐकते, दाराआडून. तिला येतं गं बोलता. मला कधी ठाऊकच नव्हतं. तुला होतं?

तू त्या दिवशी ये. पाहुणी म्हणून ये. मागे उभी राहा.

ग्यूरिद


स्कुग्गेविक, २३ फेब्रुवारी

आस्लाउग,

तू घाईने शेवटच्या फेरीने निघून गेलीस, म्हणून लिहिते. आणि यातलं काही मी तोंडाने बोलू शकले नसते.

सूर्य आला नाही. आदल्या दिवशी आभाळ मोकळं होतं, दुसऱ्या दिवशीही मोकळं होतं. नेमक्या त्या दिवशी ढग डोंगरावर गोधडीसारखे पसरले. अर्धा फ्योर्ड अडवून ते पांढरं जहाज उभं, लाल जाकिटं घातलेली ती माणसं धक्क्यावर गर्दी करून, प्रत्येकाच्या हातात आमची कॉफी, सगळ्यांच्या माना वर, आणि वर काही नाही. विबेकेबाई घड्याळाकडे बघत होती. कोणीतरी इंग्रजीत काहीतरी म्हणालं आणि चारपाच जण हसले. मला वाटलं, जमीन फाटावी. मी तुझ्याकडे पाहिलं. तू हसत असतीस तर सोपं झालं असतं. तू मागे उभी होतीस, सांगितलं होतं तिथेच, आणि तुझी पाठ सगळ्यांकडे होती. तू पलीकडचं स्वतःचं घर बघत होतीस. इतकी वर्षं मी ते जिथून बघते तिथून.

मग इंगुन पेटीवर चढली. माझं इंग्रजी कसंबसं, पण तिचं बोलणं मला शब्दन् शब्द कळलं, कारण गोठ्यात पाठ केलेलं सोडून ती अगदी साधं बोलली. ती म्हणाली, "सूर्य आज आलेला नाही. आम्हाला त्याची सवय आहे. लोणी मी सकाळीच लावून ठेवलं आहे, तो उद्या येईल आणि खाईल. तुमच्या वाटची कॉफी तुम्ही आज प्या." मग म्हणाली, "इकडची माणसं समोरचं ऊन बघून हिवाळा काढतात. माझी आई तशीच काढते. मी पलीकडेही राहिले. तिथे माझी मावशी हिवाळाभर खोलीतला दिवा न लावता खिडकीशी बसते आणि इकडचे दिवे बघते. कोणता आधी लागला, कोणता उशिरा विझला, हे ती मला सांगायची. दोघींना वाटतं, आपण एकट्याच बघतो आहोत."

कोणी हसलं नाही. जहाजावरची एक म्हातारी रडायला लागली. मी तिला आणखी एक वाफल दिलं, माझे हात रिकामे राहू नयेत म्हणून.

तू माझे दिवे बघतेस, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे बघण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नाही. खरं लिहू? मला त्या वेळीही मत्सरच वाटला. तू हे इंगुनला सांगितलंस, मला नाही. एका घरात बसून तुम्ही दोघी माझ्या दिव्यांबद्दल बोलत होतात, आणि मी इथे एकटी भांडी घासत होते.

आता मुख्य गोष्ट. तू गेल्यावर विबेकेबाई इंगुनशी बराच वेळ बोलली. मग इंगुन स्वयंपाकघरात आली, जाकीट न काढता बसली.

"आई, मी जाते आहे."

"कुठे?" मी म्हटलं. "मावशीकडे ना? जा. मला ठाऊकच होतं."

"मावशीकडे नाही. जहाजावर. विबेकेने विचारलंय. सगळा किनारा फिरायचा, खालपासून वर उत्तरेपर्यंत, आणि प्रत्येक ठिकाणी लोकांना सांगायचं, आज मी सांगितलं तसं."

आणि आस्लाउग, मला आनंद झाला. देवाशपथ आनंद झाला, की तुझ्याकडे जात नाही. मी उठून कॉफी ठेवली. पाणी उकळेपर्यंत तो आनंद टिकला. मग मला कळलं की ती काय म्हणाली.

"आणि नौकाघर?" मी विचारलं. "आत्ता तर रंग दिलास."

"छान झालंय ते. पण आई, मी तिथे उभी राहून बोलले ना आज, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की मी तुझीही नाही आणि मावशीचीही नाही."

"मावशीला सांगितलंस?"

"नाही. तुला आधी."

हे वाक्य मी तुला लिहिते आहे ते तुझ्या जिवाला लागावं म्हणून. मला आधी सांगितलं. बाकी माझ्याकडे आता काही नाही. तुला बोलू दिलं असतं तर ती कप भरत राहिली असती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ती सोमवारी तुझ्याकडे येईल, निरोप घ्यायला. तिला रडून दाखवू नकोस. मीही दाखवलेलं नाही.

ग्यूरिद


स्कुग्गेविक, २८ मे

आस्लाउग,

तुमच्या बागा फुलल्या आहेत. धक्क्यावरून सगळा किनारा पांढरा दिसतो आहे. काल नौकाघराच्या पायरीवर बसून मी किती तरी वेळ बघत बसले. इंगुन म्हणाली होती ते खरं आहे, तिथून बघण्यासारखं दुसरं काही नाही. विबेकेबाईला सांगायला आता उशीर झाला, म्हणून तुला सांगते. तुझ्या बागेत उभी राहून तुला हे दिसत नसेल याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. फार नाही, थोडं.

तिकडे बागेत तुला कोणी मदतीला आहे का, असं मी माग्नारला विचारलं. तो म्हणाला, "स्वतःच विचार की. माझी फेरी माणसांसाठी आहे, निरोपांसाठी नाही." उद्धट आहे तो.

ती गेल्यापासून रोज टपालाची वाट बघत होते. पत्र आलं तर तुला आधी आलं असेल का, हाच विचार. तुझ्या दारात टपालगाडी थांबलेली दिसली की मी हातातलं काम सोडून खिडकीशी जाई. एकदा ती बराच वेळ थांबली, तेव्हा माझं दूध उतू गेलं. तुझ्याकडे पत्र आलं असेल तर मला सांगू नकोस, असं मी लिहिणार होते. मग वाटलं, सांगितलं नाहीस तर ते त्याहून वाईट.

आज आलं. जाड पाकीट आहे, पाचसहा पानं तरी असतील, आणि आत काहीतरी फोटोसारखं कडक लागतं. वर तिच्या अक्षरात आपली दोघींची नावं आहेत. एकाच पाकिटावर. उघडायचं म्हणून सुरी हातात घेतली आणि तशीच बसून राहिले. एकटीने उघडलं तर ती विचारेल, मावशीने काय म्हटलं, आणि मला खोटं बोलावं लागेल. ते मला जमतं, पण तिला कळतं.

पाकीट टेबलावर आहे. फोडलेलं नाही. उद्या दुपारच्या फेरीने ये. मोठ्याने तू वाच, तुझा आवाज चांगला आहे. पण सावकाश वाच, आणि पुढचं मनात आधी वाचून हसू नकोस.

नाव तुझं आधी लिहिलंय तिने. पत्ता माझा आहे.

ग्यूरिद